कातड्यापासून अक्षरापर्यंत : मध्ययुगीन युरोपातील हस्तलिखित कसे घडत असे आणि ते कसे वाचावे

मध्ययुगीन युरोपातील एखाद्या हस्तलिखिताचे छायाचित्र पडद्यावर उघडले, की नजर आधी सोन्याकडे जाते, मग चित्रांकडे आणि सर्वांत शेवटी, जमलेच तर, अक्षरांकडे. हा क्रम सोडावा आणि ते पृष्ठ ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने ते पाहावे, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. आधी कातडे, मग कडेची छिद्रे, आखणी, शाई, अक्षरे, रंग, शिवण आणि शेवटी वाचणाऱ्यांच्या बोटांचे डाग. प्रत्येक कारागिराची खूण त्या पृष्ठावर राहिलेली असते आणि ती ओळखायला लॅटिन भाषा यावी लागत नाही.

पुढे प्रत्येक पायरीवर काम कसे चाले ते सांगितले आहे आणि त्याची कोणती खूण शोधावी तेही. सरावासाठी स्वित्झर्लंडमधील ‘ई-कोडिसेस’ हा विनामूल्य डिजिटल संग्रह सोयीचा आहे. संक्ट गालेन येथील मठाच्या ग्रंथालयातली अनेक जुनी हस्तलिखिते तेथे पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत, मोठी करून पाहता येतात. एक संज्ञा आधीच स्पष्ट करतो: येथे ‘पत्र’ म्हणजे दोन बाजूंचे एक पान आणि ‘पृष्ठ’ म्हणजे त्याची एक बाजू. आपल्या पोथ्यांप्रमाणेच या ग्रंथांतही बहुधा आकडा पत्राला असतो, पृष्ठाला नव्हे; संक्ट गालेनच्या हस्तलिखितांत मात्र तो पृष्ठांना दिलेला आढळतो. पत्राला आकडा असेल, तेथे अभ्यासक ‘पत्र १२, पुढची बाजू’ किंवा ‘पत्र १२, मागची बाजू’ असा निर्देश करतात.

पहिली पायरी : कातडे ओळखणे

कागद स्पेनमध्ये मुस्लिम राजवटीबरोबर आला आणि तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानो येथे त्याचा उद्योग भरभराटीला आला. तोवर, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, युरोपातील ग्रंथ प्रामुख्याने चर्मपत्रावर लिहिले जात. चर्मपत्र म्हणजे कमावलेले चामडे नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. चामडे कमावताना सालीतील तुरट द्रव्य कातड्यात मुरवतात. चर्मपत्रात तसे काही मुरवत नाहीत. ते ताणून वाळवलेले कातडे असते. वासरू, मेंढी किंवा शेळी यांचे कातडे पाण्यात भिजवून स्वच्छ करीत आणि मग चुन्याच्या पाण्यात ठेवीत. इसवी सन ८०० च्या सुमारास इटलीतील लुक्का येथे उतरवलेल्या एका कृतीत तीन दिवसांची मुदत सांगितली आहे. थंड प्रदेशांत व थंड ऋतूंत याहून अधिक दिवस लागत. चुन्याने केसांची मुळे सैल झाली, की कातडे तिरप्या ओंडक्यावर टाकून बोथट सुरीने केस खरवडून काढीत, उलटून मांसाची बाजू साफ करीत आणि पुन्हा धूत.

यानंतरचे काम खरे कौशल्याचे होते. ओले कातडे लाकडी चौकटीत ताणायचे असे. पण कडेला छिद्रे पाडून दोऱ्या ओवल्या, तर ताणासरशी ती फाटत जात. म्हणून कडेच्या भागात गुळगुळीत खडा गुंडाळून त्याभोवती दोरी आवळीत आणि दोरीचे दुसरे टोक चौकटीच्या खुंटीला बांधीत. कातडे वाळत जाई तसतशा खुंट्या पिळून ताण वाढवीत आणि अर्धचंद्राकृती पात्याच्या सुरीने ते खरवडून पातळ करीत. पात्याचा आकार वक्र असण्याचे कारण साधे आहे: सरळ पात्याचे टोक ताणलेल्या कातड्यात रुतले असते. या अवस्थेत एखादा बारीक काप राहिला असेल, तर ताणामुळे तो गोल किंवा लंबगोल भोकात रूपांतरित होई. कातडे महाग असल्याने भोक पडले म्हणून ते टाकून देत नसत. लेखनिक भोकाच्या अलीकडे शब्द थांबवून पलीकडे पुढे लिही. असे भोक दिसले आणि अक्षरे त्याला वळसा घालून गेलेली असली, तर ते लेखनाच्या आधीचे. अक्षराचा तुकडाच गेला असेल तर ते नंतरचे, बहुधा कसरीचे किंवा उंदराचे.

पृष्ठ मोठे करून पाहिले, की केसांची बाजू आणि मांसाची बाजू यांतला फरक कळू लागतो. केसांची बाजू किंचित पिवळसर असते व तिच्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात. मांसाची बाजू अधिक पांढरी असते. साहित्याचा खर्च किती असे, याचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण देतो. इंग्लंडच्या ईशान्येकडील वेअरमथ-जॅरो या मठात इसवी सन ७१६ पूर्वी लिहिलेले आणि आज फ्लॉरेन्समध्ये असलेले ‘कोडेक्स अमिआतिनुस’ हे बायबल सुमारे १,०३० पत्रांचे आणि सुमारे ३४ किलो वजनाचे आहे. त्याची पत्रे एवढी मोठी आहेत, की एका कातड्यातून दोनच पत्रे निघत असे धरले, तर पाचशेहून अधिक कातडी लागतात. मठाने अशी तीन बायबले करवून घेतली होती. याच्या उलट, तेराव्या शतकात खिशात मावतील अशी बायबले निघाली आणि त्यांची पत्रे इतकी पातळ होती, की ती न जन्मलेल्या वासरांच्या किंवा सशांच्या कातड्याची असावीत असा तर्क बराच काळ चालू होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ७२ बायबलांच्या पत्रांवर साधे खोडरबर घासून, त्याच्या भुग्याला चिकटलेल्या प्रथिनांचे पृथक्करण केले गेले. त्यात वासरू, शेळी आणि मेंढी हीच जनावरे आढळली. पातळपणाचे श्रेय जनावराला नसून खरवडणाऱ्या हाताला होते, ही गोष्ट मला फार समाधान देणारी वाटते.

दुसरी पायरी : जुडी, छिद्रे आणि आखणी

तयार चर्मपत्र दुमडून व कापून त्याच्या दुहेरी पत्रांची जुडी करीत. चार दुहेरी पत्रे एकात एक घातली, की आठ पत्रांची, म्हणजे सोळा पृष्ठांची जुडी होते. आयर्लंड व इंग्लंडमधील सुरुवातीच्या काळात पाच दुहेरी पत्रांच्या जुड्याही पुष्कळ आढळतात. आजच्या छापखान्यात ज्याला फर्मा म्हणतात, त्याचाच हा पूर्वज. सुटी पत्रे दोन फळ्यांमध्ये बांधून ठेवणाऱ्या आपल्या पोथीत आणि या ग्रंथात मूलभूत फरक आहे तो येथेच: या ग्रंथाचे एकक सुटे पत्र नसून शिवायची जुडी हे आहे, आणि लेखनाचे काम वाटून देणे, नक्कल करण्यासाठी नमुना-प्रत उसनी देणे, हरवलेला भाग शोधणे हे सारे जुडीच्या हिशेबाने चाले. जुडी रचताना केसांची बाजू केसांच्या बाजूसमोर आणि मांसाची मांसासमोर येईल, अशी काळजी बहुतेक ठिकाणी घेत, त्यामुळे ग्रंथ उघडल्यावर समोरासमोरची पृष्ठे एकाच रंगाची दिसतात. पडद्यावर एक पृष्ठ पिवळसर आणि समोरचे पांढरे दिसले, तर तेथे एखादे पत्र गळाले आहे का, हे जरूर तपासावे.

ओळी सरळ याव्यात म्हणून जुडीच्या कडेला आरीने किंवा सुरीच्या टोकाने सारख्या अंतरावर छिद्रे टोचीत आणि समोरासमोरची छिद्रे जोडून रेघा आखीत. आखणीच्या पद्धतीवरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. साधारण अकराव्या शतकापर्यंत बोथट टोकाने दाबून रेघ काढीत. तिच्यात रंग नसतो, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा एवढेच दिसते. त्यानंतर शिशाच्या टोकाने काढलेल्या करड्या रेघा येतात आणि तेराव्या शतकापासून शाईच्याही. बाहेरच्या समासात टोचलेली छिद्रे पुष्कळदा दिसतच नाहीत, कारण नंतरच्या बांधणीकारांनी पुन्हा बांधताना कडा छाटल्या. ती शाबूत असतील, तर त्या ग्रंथाचा मूळ आकार बराचसा टिकला आहे असे समजावे.

तिसरी पायरी : लेखणी आणि शाई

लेखणी पाळीव हंसाच्या पंखातील मोठ्या पिसाची असे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचे पीस सोयीचे पडे, कारण त्याचा बाक हातापासून बाहेर वळतो. पीस वाळवून, गरम वाळूत घालून कडक करीत, त्यावरचे तंतू बहुतेक काढून टाकीत आणि टोक तासून त्याला मधोमध चीर देत. आपल्या बोरूप्रमाणेच टोकाच्या रुंदीवर आणि तिरपेपणावर अक्षराचे वळण ठरे. मात्र पीस बोरूपेक्षा लवकर झिजते, त्यामुळे दिवसभरात ते पुनःपुन्हा तासावे लागे.

शाईच्या बाबतीत मराठी वाचकाला एक फायदा आहे: तिची द्रव्ये आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. ओकच्या फांद्यांवर एक बारीक कीटक अंडी घालतो, तेव्हा झाडाला गाठ येते. ती गाठ म्हणजे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ. त्यात तुरट द्रव्य विपुल असते. हे मायफळ कुटून पाण्यात किंवा पांढऱ्या द्राक्षमद्यात काही दिवस भिजवीत वा उकळीत, गाळून त्यात हिराकस घालीत आणि शेवटी बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. हिराकसातील लोह आणि मायफळातील तुरट द्रव्य यांचा संयोग होतो. लिहिताना शाई फिकट असते, पण हवेशी संबंध आल्यावर काही वेळात काळीभोर होते आणि चर्मपत्राला घट्ट धरते. डिंकामुळे ती लेखणीतून भळाभळा ओघळत नाही. घरी प्रयोग करावयाचा असल्यास ३० ग्रॅम मायफळाची भरड ३०० मिलिलिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजत ठेवावी, फडक्यातून गाळावी, तीत २० ग्रॅम हिराकस विरघळवावा आणि १० ग्रॅम डिंक वेगळ्या थोड्या पाण्यात भिजवून मिसळावा. भांडे स्वयंपाकाचे घेऊ नये, हातमोजे घालावेत आणि मिश्रण मुलांच्या हाती लागू देऊ नये. कपड्यावर पडलेला डाग निघत नाही.

या शाईची खूण ओळखणे सोपे आहे. शतके लोटल्यावर ती तपकिरी पडते, आणि हिराकसाचे प्रमाण अधिक झाले असेल तर आम्लामुळे पत्र अक्षराच्या आकारात जळाल्यासारखे दिसते. बाराव्या शतकात थेओफिलुस या नावाने लिहिणाऱ्या कारागिराने काटेरी झुडपाच्या सालीपासून करायची वेगळी शाई वर्णिली आहे, म्हणजे सगळीकडे एकच कृती नव्हती.

चौथी पायरी : नक्कल

लेखनिक उतरत्या फळीच्या मेजाशी बसे. उजव्या हातात लेखणी आणि डाव्या हातात सुरी. सुरीची कामे तीन होती: उसळणारे चर्मपत्र दाबून धरणे, लेखणी तासणे आणि चूक खरवडणे. आपल्याकडे पोथीतील चुकीवर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्याच रिवाजाची आठवण देतो. युरोपातील लेखनिक लेप न देता शाईचा थरच खरवडून काढी, किंवा नको असलेल्या अक्षरांखाली ठिपके देई. खरवडलेली जागा खरखरीत होते आणि तिच्यावरचे नवे अक्षर किंचित पसरते. इंग्लंडच्या राजकोषातील नोंदी मेंढीच्या कातड्यावर करीत, त्याचे कारण बाराव्या शतकातच लिहून ठेवलेले आहे: त्यावर खाडाखोड केली, की ती लपत नाही.

समोर ठेवलेल्या नमुन्यावरून नक्कल करताना ठरावीक जातीच्या चुका होत. एकच शब्द दोन ओळींच्या शेवटी आला असेल, तर नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारी आणि मधला मजकूर गळे. समासात वेगळ्या हाताने लिहिलेले एक-दोन वाक्यांचे पुरवणी-लेखन दिसले, तर बहुधा अशीच उडी कोणीतरी नंतर पकडलेली असते. प्रत्येक जुडीच्या शेवटच्या पृष्ठाखाली पुढच्या जुडीचा पहिला शब्द लिहिण्याची पद्धत बाराव्या शतकापासून सर्वत्र रुळली, म्हणजे शिवताना जुड्यांचा क्रम चुकत नसे. हा शब्द शोधून पुढील पृष्ठाशी ताडून पाहणे, हा नवशिक्याने अवश्य करावा असा पहिला तपास आहे.

सुरुवातीच्या शतकांत हे काम मुख्यतः मठांत चाले आणि त्यात स्त्रियाही होत्या. जर्मनीतील डालहाइम येथील मठाच्या दफनभूमीत सापडलेल्या, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास मरण पावलेल्या एका स्त्रीच्या दातांवरील किटणात राजावर्त (लॅपिस लाझुली) या दगडाच्या निळ्या रंगाचे कण आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रंगकाम करताना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवण्याच्या सवयीने ते तेथे पोचले असावेत, हे स्पष्टीकरण अभ्यासकांना सर्वांत संभाव्य वाटले. पुढे विद्यापीठे निघाली, तसा व्यवसाय शहरांत आला. पॅरिस आणि बोलोन्या येथे तेराव्या शतकात पुस्तकविक्रेते विद्यापीठाने तपासलेला नमुना सुट्या तुकड्यांत, बहुधा चार-चार पत्रांच्या, भाड्याने देत. एक विद्यार्थी पहिला तुकडा उतरवीत असताना दुसरा त्याच ग्रंथाचा पाचवा तुकडा नेऊ शके, आणि प्रत्येक तुकड्याचे भाडे विद्यापीठ ठरवून देई. अशा प्रतींच्या समासात तुकड्याचा बारीक आकडा कधीकधी राहिलेला सापडतो.

पाचवी पायरी : रंग आणि सोने

मजकूर पूर्ण झाल्यावरच रंगाचे काम सुरू होई. लेखनिक मोठ्या अक्षरांसाठी जागा मोकळी सोडी आणि कोणते अक्षर काढायचे, ते तेथे बारीक लिहून ठेवी. पैसे संपले किंवा चित्रकार मिळाला नाही, तर ती जागा तशीच राही, आणि अशी अपुरी हस्तलिखिते शिकण्यासाठी पूर्ण झालेल्यांपेक्षा अधिक उपयुक्त असतात. लाल शीर्षके आधी, मग रेखाटन, त्यानंतर सोने आणि शेवटी रंग, असा क्रम असे. सोने रंगाआधी येई याचे कारण असे, की वर्ख ओल्या रंगाला चिकटतो आणि तो घोटताना शेजारचा रंग खरवडला जाऊ शकतो. खडू, सरस आदींच्या उंचवट्यावर वर्ख बसवून तो गुळगुळीत दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटीत. म्हणून पत्र हलले, की सोने चमकते.

रंगांची नावे आपल्या ओळखीची आहेत: हिंगूळ, शेंदूर, हरताळ, नीळ, जंगाल, सफेदा. शेंदराला लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणत आणि लघुचित्रासाठीचा ‘मिनिएचर’ हा शब्द त्यावरूनच आला. लहान आकाराशी त्याचा मुळात संबंध नाही. सर्वांत मोलाचा निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतल्या राजावर्तापासून मिळे. नुसता दगड कुटला तर करडी पूड हाती येते. म्हणून ती पूड मेण व राळ यांच्या गोळ्यात मळून, तो गोळा राखेच्या क्षारपाण्यात दाबीत. निळे कण पाण्यात उतरत आणि मळ गोळ्यात राही. ही कृती इसवी सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने तपशीलवार नोंदवली आहे.

सहावी पायरी : शिवण आणि बांधणी

जुड्या कण्याकडील आडव्या चामडी पट्ट्यांवर शिवून पट्ट्यांची टोके लाकडी फळ्यांत ओवीत आणि वर चामडे चढवीत. फळ्यांना कड्या असत त्या शोभेसाठी नव्हे: दमट हवेत चर्मपत्र फुगते आणि मूळच्या कातड्याचा आकार घेऊ पाहते, म्हणून ते दाबून ठेवावे लागे. मूळ बांधणी क्वचितच टिकते. इंग्लंडमधील संत कथबर्टच्या शवपेटीत ठेवलेले आणि ११०४ मध्ये बाहेर निघालेले आठव्या शतकाच्या सुरुवातीचे छोटे शुभवर्तमान (बायबलमधील ख्रिस्तचरित्र) आजही आपल्या मूळ लाल चामड्यात आहे, आणि म्हणूनच बांधणीच्या अभ्यासकांना ते इतके प्रिय आहे.

सातवी पायरी : त्या काळचे वाचन समजून घेणे

रोमन काळातील ग्रंथांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत. वाचक मजकूर उच्चारून, कानाच्या मदतीने शब्द वेगळे करी. लॅटिन ही मातृभाषा नसलेल्या आयरिश लेखनिकांना हे जड जात असे, आणि सातव्या-आठव्या शतकात त्यांनीच शब्द सुटे लिहिण्याची सवय रुजवली. मठातील वाचन पुष्कळदा कुजबुजत्या उच्चाराने चाले. पवित्र मजकूर गायीने रवंथ करावा तसा घोळवावा, ही उपमा त्या लेखकांना आवडे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत जेवताना एकाने मोठ्याने वाचावे, दुपारी विश्रांतीच्या वेळी वाचणाऱ्याने इतरांना त्रास होणार नाही अशा रीतीने वाचावे आणि उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एक ग्रंथ देऊन तो त्याने अनुक्रमे पूर्ण वाचावा, असे सांगितले आहे.

विद्यापीठांतील वाचक मात्र ग्रंथ सलग वाचत नसे. त्याला नेमके वचन शोधायचे असे. म्हणून प्रकरणांचे आकडे, पृष्ठाच्या माथ्यावरील शीर्षके, आळीपाळीने लाल-निळी परिच्छेदचिन्हे आणि वर्णानुक्रमाच्या सूची या सोयी बाराव्या-तेराव्या शतकांत रुजल्या. समासात एखाद्या ओळीकडे बोट दाखवणारा छोटा हात दिसला, तर तेथे कोणीतरी थांबले होते असे समजावे. घरगुती प्रार्थनाग्रंथांत हा पुरावा आणखी जवळचा असतो: खालच्या कोपऱ्यांवरील मळाची दाटी यंत्राने मोजून कोणती प्रार्थना अधिक वाचली गेली हे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि काही संतांचे चेहरे भक्तांच्या चुंबनांनी पुसले गेले आहेत.

आठवी पायरी : आता अक्षरे वाचणे

आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या राज्यात रूढ झालेल्या कॅरोलिंगियन वळणापासून सुरुवात करावी. ही अक्षरे गोल, सुटी आणि स्पष्ट आहेत. इसवी सन १४०० च्या सुमारास फ्लॉरेन्समधील विद्वानांनी हेच वळण पुन्हा उचलले आणि त्यातून आजचा रोमन छापील टाइप आला, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येते. तेराव्या शतकानंतरचे गॉथिक वळण मागाहून घ्यावे. त्यात ‘मिनिमम’ (minimum) हा लॅटिन शब्द पंधरा उभ्या दंडांची रांग होऊन बसतो.

मजकूर ठाऊक असलेला घ्यावा. बायबलमधील स्तोत्रसंहिता सर्वांत बरी, कारण तिचे छापील लॅटिन शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडता येते. दहा ओळी जशाच्या तशा उतरवाव्यात, न कळलेल्या अक्षराजागी टिंब ठेवावे आणि भेटलेल्या प्रत्येक अक्षररूपाचा तक्ता करावा. अंदाजाने शब्द पुरा करण्याचा मोह टाळावा. अक्षरावरील आडवी रेघ बहुधा गळालेला ‘म’ किंवा ‘न’ दाखवते, आणि इंग्रजी सातच्या (7) आकड्यासारखी खूण म्हणजे ‘आणि’. इतर संक्षेपांसाठी आद्रियानो काप्पेल्ली यांचा १८९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला कोश आजही हाताशी ठेवतात.

शेवटी ग्रंथाची पहिली व शेवटची पत्रे पाहावीत. अखेरच्या ओळीखाली लेखनिकाचे निवेदन असू शकते. तीन बोटे लिहितात पण सारे शरीर राबते, हे वाक्य अनेकांनी अनेक ठिकाणी लिहिले आहे. पहिल्या पत्रावर मालकाचे नाव, चोराला दिलेला शाप, ग्रंथ जागेवर बांधून ठेवणाऱ्या साखळीच्या गंजाचा डाग किंवा खरवडलेली जागा दिसते. खरवडलेली नावे अतिनील प्रकाशात पुष्कळदा वाचता येतात. त्यानंतर दुसऱ्या पत्राचे पहिले दोन-तीन शब्द उतरवून घ्यावेत. एकाच ग्रंथाच्या सर्व प्रती एकाच शब्दाने सुरू होतात, पण दुसरे पत्र कोठे सुरू होईल हे प्रत्येक लेखनिकाच्या अक्षरावर अवलंबून असते. म्हणून मध्ययुगीन ग्रंथपालांनी आपल्या याद्यांत नेमके हेच शब्द नोंदवले, आणि त्यांच्या आधारे एखादी विखुरलेली प्रत मूळच्या कोणत्या ग्रंथालयातली होती, हे आजही ठरवता येते.